ओढीच्या पाण्यात गरवताना



देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगवे, अलीकडे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि मधून ओहोटीचं पाणी असं सुटतं की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाखालची वाळू सरकते. इथे गरवायला येणारा नवखा माणूस पहिली चूक घरीच करतो. ओढ जोराची, म्हणून तो जाड दोरा, जड शिसं आणि दोन-दोन रॉड बांधून घेतो.

तंगुसाचा दोरा जितका जाड, तितकं पाणी त्याला जास्त रेटतं. 0.50 मिलिमीटरऐवजी 0.30 चा दोरा घेतला, तर हा रेटा पाच हिश्शांवरून साधारण तीनवर येतो, आणि शिसंही हलकं चालतं. गोल शिसं वाळूवर गडगडत जातं. चपटं बसून राहतं. गरीजवळ मात्र वावभर जाड दोरा जोडावा, नाहीतर खडकाला घासून तुटतो. खडकाळ जागी शिसं कच्च्या सुताने बांधावं. ते कपारीत अडकलं तर सूत तुटतं, गरी आणि मासा आपल्याकडे राहतात.

पण खरं ओझं कमी होतं ते वेळ साधल्याने. आपल्याकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला पंधरा तिथी, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्थीला तीन. अदमासच हा, पण उपयोगी. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत जोरात धावतं, आणि उधाणाला तर फारच. म्हणून हलकं सामान घेऊन जायचं तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत जावं, आणि पाणी फिरायच्या सुमारास गरी टाकावी. अशा वेळी जड शिशाची गरजच पडत नाही.

ओझं कमी ठेवायचं, हे मी एका संध्याकाळी शिकलो. मालवणच्या खडकांवर मी मोठी पिशवी घेऊन बसलो होतो. मागच्या घळीत पाणी शिरलेलं कळलंच नाही. परतताना एका हातात पिशवी, दुसऱ्यात रॉड, आणि शेवाळलेल्या खडकाला धरायला हात नाही. पिशवी सोडली, म्हणून वर आलो. तेव्हापासून माझं सगळं सामान पाठीवरच्या एका लहान पिशवीत मावतं: चार-पाच गऱ्या, थोडं शिसं, ओल्या फडक्यात सुंगटं, सुरी, आणि पक्कड. पक्कड विसरू नका. शेंगाळा मासा गरीवरून सोडवताना त्याचा काटा हाताला लागला तर वेदना असह्य होतात. काळोख होणार असेल तर कपाळावर बांधायचा दिवा घ्या. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत.

आणखी एक. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या त्याच्या गाभा क्षेत्रात गरी टाकू नका.

पिशवीत एक रिकामी थैली ठेवा. तुटलेला तंगूस वाळूत पडला तर वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि आपल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. तो गोळा करून त्या थैलीत घाला आणि घरी आणा. निघताना घरच्यांना सांगून निघा, कुठल्या खडकावर बसणार आहात ते.