गाडीला बोअरचं पाणी पाजू नका

आमच्या गटातल्या आक्कांकडे जुनी मोठी गाडी आहे. आलिशान म्हणून सेकंडहँड घेतली, पण शहरातलं वर्कशॉप परवडेना. मागच्या सुगीत त्यांच्या सुनेला बाळंतपणाला सोलापूरला नेत होतो. मंगळवेढा सुटलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर! इंजिन बंद केलं, मागून आलेल्या जीपमधून सुनेला पुढं धाडलं, म्हणून निभावलं.

चूक आमचीच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत होतो. हंड्याच्या बुडाला बसतो तोच पांढरा क्षार आतल्या नळ्यांत बसलेला. वर पुढच्या जाळीत ज्वारीचं भुसकट. आता गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घालतो. डब्यावर दोन खुणा असतात, त्यांच्यामध्ये पातळी हवी. बघायचं ते सकाळी, इंजिन गार असताना. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. वाफ भरलेला कुकर आपण उघडतो का?

बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा भुगा खायच्या सोड्याच्या पाण्यानं निघतो. आधी मायनसची वायर सोडवायची, लावताना ती शेवटी. टायरवरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आमची स्टेपनी निघाली २००८ ची! नक्षी चांगली दिसत होती, पण रबर तडकलेलं. लगेच बदलली.

ब्रेक आणि एअरबॅगला मात्र आम्ही हात लावत नाही, ते मिस्त्रीचं काम.

आक्कांची नात आता त्याच गाडीच्या चाकाला धरून उभी राहते.