लाकडाचा गाभा

श्रोतेहो, नागपूर आकाशवाणीने मला देवदाराविषयी बोलण्यास सांगितले आहे. हा वृक्ष हिमालयाचा. पाच हजार फुटांच्या वर, हिमवृष्टीच्या मुलखात तो वाढतो, आणि काश्मीर-हिमाचलातील कित्येक जुनी देवळे व घरे त्याच्या सुगंधी तुळयांवर अद्याप उभी आहेत. आमच्या कोंढा गावाकडे मात्र देवदार भेटतो तो बाळंतिणीच्या काढ्यातील तुकड्यांच्या रूपाने. परंतु ज्या टिकाऊपणामुळे त्याची कीर्ती झाली, तो गुण आपल्या उमरेड-पवनीच्या रानातील सागातही असल्यामुळे मी सागाविषयीच अधिक बोलणार आहे.

हा टिकाऊपणा येतो तो असा: झाड वाढते तसतसे आतील जुने लाकूड पाणी वाहून नेण्याच्या कामातून मोकळे होते आणि त्यात तेल व कडवट द्रव्ये साचत जातात, जी वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत; हे आतील लाकूड म्हणजेच गाभा. त्याभोवतीच्या पांढुरक्या लाकडात पिष्ट असते, म्हणून कीड प्रथम तेथे लागते. टिकतो तो गाभा. पुन्हा सांगतो, गाभा. धुराने काळवंडलेल्या एखाद्या जुन्या सागवानी तुळईवर वाढयाला रंधा मारायला सांगा: दोन शिलप्या उतरताच आत सोनेरी लाकूड दिसते, चामड्यासारखा दर्प दरवळतो आणि बोटाला किंचित तेलकटपणा जाणवतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने 1817 साली सागाचे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे.

आणि आपण काय करतो? स्लॅबचे घर बांधण्याच्या घाईत आजोबांच्या वेळचे खांब कवडीमोलाने विकतो, अथवा चुलीत घालतो. मग कोवळ्या, पांढऱ्या लाकडाच्या चौकटी पॉलिश चढवून बसवतो आणि काही पावसाळ्यांत त्यांचा भुसा गळू लागला की दोष सागाला देतो. श्रोतेहो, हे योग्य नव्हे. लाकूड घेताना त्याचे टोक पाहावे, गाभा किती आणि पांढरे किती ते पाहावे, गाभाच पाहावा.

रोहनाच्या लाकडाच्या खांबांविषयी बोलायचे राहिले, पण वेळ संपत आली. बिजाच्या झाडाचे तेवढे सांगतो: त्याच्या गाभ्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवले की ते पिवळसर होते, उजेडात धरल्यास त्यावर निळी झाक दिसते, आणि मधुमेहावर ते पाणी पिण्याची जुनी चाल आहे.