डिप्लोमा झाला, आता पगार की पदवी?

(राहाता येथे डिप्लोमाचे विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



आधी पालकांशी बोलते, कारण बहुतेक घरांत निर्णय तुम्हीच घेता. आपल्या वस्तीतला मुलगा गॅरेजमध्ये उस्तादच्या हाताखाली राहतो आणि चार-पाच वर्षांत इंजिन उघडून बसवायला शिकतो. शिकता शिकता कमावणं आपल्याला नवीन नाही. त्या शिक्षणाचा कागद तेवढा मिळत नाही आणि कागदाशिवाय कंपनीच्या गेटवरचा वॉचमनही आत सोडत नाही.

२००६च्या सच्चर अहवालानुसार वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहून कमी होते. देशाची सरासरी सात टक्क्यांच्या आसपास होती. २०२०-२१च्या उच्च शिक्षण पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा ४.६ टक्के दिसतो. लोकसंख्येतला वाटा २०११च्या जनगणनेत १४.२ टक्के होता. यामागे भेदभाव आहे, गरिबी आहे. पण घरोघरी ऐकू येणारं कारण साधं आहे: आणखी तीन वर्षं पोरगा कमावणार नाही, हे परवडत नाही.

ब्रिटनमध्ये २०१५पासून डिग्री अप्रेंटिसशिप आहे. कंपनी पगार देते, विद्यापीठाची फी मुलाला भरावी लागत नाही, शेवटी पदवी मिळते. आपल्याकडे असं सरळ एक दार नाही. तुकडे जोडावे लागतात.

पहिला तुकडा जुनाच आहे. अप्रेंटिस कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने त्यात डिप्लोमावाले आणि पदवीधर आले. लोणीच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेला मुलगा नॅट्सच्या पोर्टलवर फुकट नोंदणी करू शकतो. एक वर्षाचं प्रशिक्षण असतं. २०१९च्या नियमांत डिप्लोमाला दरमहा किमान ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. चाकणला खोली करून राहायचं तर ८,००० म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळतं. शिवाय कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो, वर्षानंतर त्याला ठेवून घेण्याचं बंधन कंपनीवर नाही. म्हणून सही करण्याआधी विचारा, शिकवणार काय? वर्षभर नुसती पॅकिंगची लाइन सांभाळायची असेल, तर दुसरी कंपनी शोधा.

पदवीचा तुकडा वेगळा. डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटी न देता, इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ते पूर्णवेळ आहे, म्हणजे तीन वर्षं पगार नाही. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर एआयसीटीईने २०२३-२४पासून मान्यताप्राप्त कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे पदवी वर्ग चालवायला परवानगी दिली आहे. त्यात नोकरीची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतरात लागते. तेव्हा वाळूज, सिन्नर की चाकण, हे ठरवताना पगाराच्या आकड्याबरोबर जवळ असा वर्ग कुठे चालतो तेही बघा. हे उलट्या क्रमाने केलं की नोकरी एका टोकाला आणि कॉलेज दुसऱ्या टोकाला.

सॉफ्टवेअरमध्ये हा रस्ता जुना आहे, आणि त्यातलं एक नाव विप्रोचं. विप्रो म्हणजे आपल्या खानदेशातल्या अमळनेरची १९४५ची तेलाची कंपनी, मोहम्मद हाशम प्रेमजींनी काढलेली. १९९५पासून तिथे बीएस्सी, बीसीए झालेल्यांना नोकरीत घेऊन बिट्स पिलानीची पदव्युत्तर पदवी देण्याचा कार्यक्रम आहे. अझीम प्रेमजींनी स्वतः १९६६मध्ये वडील गेल्यावर स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं, पदवी खूप उशिरा पूर्ण केली. बारावीला गणित असलेल्यांसाठी एचसीएलचं टेकबी २०१७पासून आहे. अशा ठिकाणी करार असतो. विप्रोच्या अलीकडच्या भरतीत तो साठ महिन्यांचा आहे. मध्येच सोडलं तर किती पैसे भरायचे, हे कलम घरी आणून दोनदा वाचा. बाँड वाईटच असतो असं मला वाटत नाही. न वाचता केलेली सही वाईट.

आता मुलींबद्दल. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा नातेवाइकांचा प्रश्न एकच होता, राहणार कुठे? प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारून थांबू नका. कंपनीला हॉस्टेल, बस, शिफ्टच्या वेळा विचारा. आणि नोंदणीसाठी बँक खातं लागतं, सरकारचा वाटा थेट त्यात येतो. ते मुलीच्या स्वतःच्या नावावर उघडा, आणि एटीएम कार्ड तिच्याच पर्समध्ये राहू द्या.