ज्याची त्याची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे आहार, आरोग्य किंवा मुलांचे संगोपन यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. कार्यवाहबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘फूटपाथ’ असे सांगितले, आणि त्या क्षणभर गप्पच झाल्या. परंतु विचार करा. दूध, भाजी, शाळा, दवाखाना, देऊळ आणि हे आपले मंडळसुद्धा, या सर्वांकडे जाणारी वाट फाटकाबाहेरच्या त्या फरश्यांवरूनच सुरू होते. ती मोकळी आहे की अडलेली, यावर म्हातारपणी आपण घराबाहेर पडणार की खिडकीत बसून राहणार, हे पुष्कळ अंशी ठरते. तेव्हा विषय रस्त्याचा दिसला तरी तो घरचाच आहे. त्यातही मी बोलणार आहे ते भाड्याच्या सायकलींविषयी आणि त्यांवरून झालेल्या भांडणांविषयी.

आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठापेठांतून ताशी भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. इथे बसलेल्या ज्येष्ठ भगिनींपैकी काहीजणी अशाच दुकानातल्या सायकलीवरून प्रथम पडल्या असतील आणि नंतर शिकल्या असतील! दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई, अनोळखी माणसाला ओळख विचारी, आणि तास भरला की सायकल दुकानात परत आली पाहिजे, हा शिरस्ता होता. उशीर झाला तर तो नुसता घड्याळाकडे पाही. तेवढे पुरत असे. त्या सायकलीला परतायला घर होते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात नव्या तऱ्हेच्या भाड्याच्या सायकली आल्या. २०१८ मध्ये आणखी कंपन्या आल्या. या सायकलीला दुकान नाही, दुकानदार नाही, वही नाही. मोबाइल फोनने तिच्यावरच्या ठिपक्यांच्या चौकोनी चित्राचा फोटो घेतला की कुलूप उघडते, आणि जिथे आपले काम संपेल तिथे कुलूप लावले की हिशेबही संपतो. सोय मोठी खरी. बसथांब्यापासून घरापर्यंतचा तुकडा, ज्यासाठी रिक्षावाला यायला तयार नसतो, तो मुलामुलींना स्वस्तात पार करता येऊ लागला. धूर नाही, कर्णा नाही. सायकल वाईट, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु ‘कुठेही ठेवा’ म्हटले की माणसे खरोखर कुठेही ठेवतात. आमच्या गल्लीतले सांगते. एके सकाळी आमच्या फाटकाजवळ चार सायकली होत्या. दुसऱ्या दिवशी नऊ. पहारेकऱ्याने त्या उचलून समोरच्या इमारतीपुढे नेऊन ठेवल्या. समोरच्यांच्या पहारेकऱ्याने संध्याकाळी त्या परत आमच्याकडे आणल्या. असा हा आहेर-प्रतिआहेर आठवडाभर चालला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, माझ्या पाटीची जागा गेली. कॉलेजची मुले म्हणाली, आम्हांला सायकल हवी, तुम्हां लोकांना सगळ्याचाच त्रास. कंपनीला फोन केला तर तक्रार नोंदवून घेतल्याचा गोड आवाज ऐकू येई. माणूस येत नसे.

या सगळ्या वादात एक गृहस्थ काहीच बोलत नव्हते. त्यांना दिसत नाही. पांढरी काठी घेऊन ते रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत एकटे जात. फूटपाथवर ज्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या असतात, त्या काठीला वाट कळावी म्हणून बसवलेल्या असतात. त्या शोभेच्या नव्हेत. सायकली नेमक्या त्यांवर आडव्या असत. काठी चाकाच्या तारांत अडके. मग ते फूटपाथवरून खाली रस्त्यावर उतरत, आणि मागून वाहने येत. काही दिवसांनी त्यांनी एकटे जाणे सोडले. कुणाला अपघात झाला नाही, कुठे नोंद झाली नाही. एका माणसाचे स्वातंत्र्य तेवढे गेले. आपण भांडत होतो ते फाटकापुढच्या अडचणीसाठी; त्याची खरी किंमत भरत होते ते.

तेव्हा आपल्यापैकी काहीजणी शिवणाची टेप घेऊन गल्लीत उतरल्या. लोक हसले, हसोत बापडे. फूटपाथ सात फुटांचा भरला. झाडाचे आळे आणि विजेची पेटी वजा जाता जेमतेम पाच फूट. सायकलीची लांबी पावणेसहा फुटांच्या आसपास असते आणि मुठीची रुंदी दोन फूट. म्हणजे आडवी लावली तर एकच सायकल सगळी वाट बंद करते. तीच कडेला समांतर लावली तर दोन फूटच घेते. पण या हिशेबाने उरते तीन फुटांची वाट. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी रुंदी असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मानकात म्हटले होते. चाकांच्या खुर्चीवरचा माणूस आणि समोरून येणारी बाई यांना एकमेकांना ओलांडता यावे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या फूटपाथवर सायकलीला जागाच नव्हती. ती नीट लावली तरी नव्हती.

मग जागा कुठे? टेप तशीच रस्त्यावर नेली, तेव्हा उत्तर समोर उभे होते. एक मोटार उभी राहायला सुमारे पंधरा फूट लांब आणि सात-आठ फूट रुंद जागा घेते. तेवढ्याच जागेत आठ सायकली सहज मावतात. म्हणजे दोन मोटारींची जागा सोडली असती, तर आमच्या गल्लीतल्या सगळ्या सायकली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून फूटपाथ मोकळा झाला असता. ही सूचना बैठकीत मांडताच मात्र कुणाला बैठक आटोपण्याची घाई झाली, कुणाला घरी गॅसवर दूध ठेवल्याचे आठवले! कारण सायकल परक्याची होती आणि मोटारी आपल्या होत्या. खरा वाद जागेचा होता, आणि ती जागा कुणाची हे विचारायला सगळेच कचरत होते.

पुढे काय झाले, ते आपण जाणताच. कुणी सायकलींची कुलपे फोडली, कुणी मोडतोड केली. कंपन्यांना परवडेना, आणि दोनएक वर्षांत तो प्रयोग जवळजवळ आटोपला. सायकली गेल्या. पण फूटपाथ मोकळा झाला का? महिना गेला नसेल, त्याच फरश्यांवर स्कूटरी चढल्या, दुकानाच्या पाट्या आल्या, सामान पोचवणाऱ्या मुलांच्या गाड्या आल्या. त्या गृहस्थांची काठी अजून घरात कोपऱ्यातच आहे. सायकलीवर रागावून आपण काहीच मिळवले नाही, उलट एक चांगले वाहन घालवले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. ॲमस्टरडॅमला १९६५ मध्ये काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या, बिनकुलपाच्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. सायकल बिनकुलपाची ठेवणे कायद्याला धरून नव्हते, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पॅरिसने २००७ मध्ये हजारो सायकली आणल्या, पण प्रत्येकीसाठी रस्त्याच्या कडेला बांधलेले ठिकाण होते. ती योजना आजही चालू आहे. शांघायमध्ये ठिकाण न नेमता सायकलींची संख्या पंधरा लाखांवर गेली, तेव्हा २०१७ मध्ये नव्या सायकली आणण्यास मनाई करावी लागली. सिंगापूरने २०१८ मध्ये कायदा केला: कंपनीने परवाना घ्यावा, आणि सायकल नेमल्या जागी ठेवून तिथल्या खुणेचा फोटो घेतल्याखेरीज स्वाराचे भाडे थांबू नये. पाहा, यात उपदेश नाही, दंडुका नाही. जागेवर ठेवले तर हिशेब संपतो, इतकेच. आपल्या जुन्या दुकानदाराचीच ती वही, नव्या रूपातली.

आपल्या घरी काय वेगळे असते? कात्री सापडत नाही म्हणून आपण कात्री वापरणे बंद करीत नाही. तिच्यासाठी खिळा ठोकतो. जो खिळा ठोकत नाही आणि नुसता ओरडतो, त्याच्या घरात कात्रीही सापडत नाही आणि शांतताही नांदत नाही.

आता कायद्याचे पाहू. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्याविना फूटपाथ वापरता येणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले, आणि दिव्यांगांना तो वापरता आला पाहिजे यावर भर दिला. पुणे महानगरपालिकेने पादचाऱ्यांविषयीचे धोरण २०१६ मध्येच स्वीकारले आहे. पाटीवाल्या मावशींचाही विचार २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आहे. त्यांना नुसते हुसकावण्याऐवजी विक्रीची जागा नेमून द्यावी, हाच त्यातला मार्ग. तेव्हा आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही. पण हक्क कागदावर असतो आणि स्कूटर फरशीवर असते. मधले अंतर चालून कुणीतरी जावे लागते.

म्हणून मंडळापुढे मी तीन कामे ठेवते. पहिले, प्रत्येक गल्लीतल्या दोघीतिघींनी टेप आणि वही घेऊन आपला फूटपाथ मोजावा: रुंदी किती, अडथळा कशाचा, पिवळ्या फरश्या कुठे झाकल्या आहेत. दुसरे, हा तक्ता घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जावे, आणि ‘हे हटवा’ एवढेच न म्हणता ‘हे इथे ठेवू द्या’ असे ठिकाण दाखवून द्यावे. दुचाकींसाठी रस्त्याच्या कडेला आखलेली जागा मागावी, मग त्यात एखाद्या मोटारीची जागा गेली तरी हरकत नाही. उद्या भाड्याच्या सायकली किंवा विजेच्या दुचाकी पुन्हा आल्या, तर आधी जागा आणि मग परवाना, असा आग्रह आपला असावा. तिसरे काम सर्वांत अवघड, कारण ते घरात करायचे आहे. आपल्या घरची गाडी फूटपाथवर चढत असेल, तर ती उतरवायला यजमानांना आणि चिरंजिवांना सांगायचे. अर्जावर सह्या गोळा करणे त्यामानाने सोपे!

हे काम एका वर्षात पुरे होईल, असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्धापनदिनापर्यंत निदान एक गल्ली अशी दाखवता यावी, की जिथून पांढऱ्या काठीचा माणूस कुणाचा हात न धरता कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल. मोजणीची वही आज मी बरोबर आणली आहे. पहिल्या पानावर आमच्या गल्लीचे नाव घातले आहे. पुढची पाने कोरी आहेत. चहापानाच्या वेळी ती टेबलावर असेल. ज्यांना सवड आहे त्यांनी आपल्या गल्लीचे नाव घालावे, ही नम्र विनंती करून मी आपली रजा घेते.