हाताचा भाव



मी गोंदियात जुन्या अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जीपगाड्यांचे ब्रेक करतो. अ‍ॅम्बेसेडर निघायची 2014 ला बंद झाली. शौकीन अजून जपतात. मास्टर सिलेंडरच्या किटला दुकानदार म्हणेल तो भाव देतात. मजुरी निघाली की विचारतात, ‘एवढे काहून?’

पार्टला भाव, हाताला भीक!

हिशेब मांडू. भाडं, लाईट, हत्यारं, पोऱ्याचा पगार, माझी रोजी. दिवसाला समजा 1600. खरं काम 4 तास. म्हणजे तासाला 400. चार ड्रम खोलायचे, जाम सिलेंडर सोडवायचे, लायनर बदलायचे, ब्रेकमधली हवा काढायची : 6 तास. 2400 झाले. ही लूट नाही, पोट आहे.

पण ड्रम न खोलता भाव सांगू नका. खोलायची मजुरी आधी ठरवा. मग गिऱ्हाइकाला गंज दाखवा, आकडा कागदावर लिहा. आपल्या चुकीनं गाडी परत आली तर पैसा घेऊ नका.

500 रुपयांत उरकलेल्या कामात हवा राहते. देवरीच्या हायवेवर पेडल तळाला जातं. मरतो कोण? सायकलवरचा मजूर.

जुन्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पोऱ्या ड्रम फुंकून साफ करतो. त्याच्या फुप्फुसाचा भाव कोणत्या बिलात? ओल्या फडक्यानं पुसा.

मजूरमंत्री बाबासाहेबांनी किमान वेतनाचं विधेयक 1946 ला मांडलं. 1948 ला कायदा झाला. शेठकडं भाव मागायचा आणि पोऱ्याला चहावर राबवायचं, हे चालणार नाही. पहिला भाव त्याच्या हाताला!

जयभीम.