सावकाराची भूमिका
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावीच्या गॅदरिंगच्या नाटकात मला सावकाराची भूमिका मिळाली. मला नायक व्हायचं होतं, म्हणून मी रुसलो. सर म्हणाले, "अरे, सावकारच नसला तर नायक स्टेजवर येऊन करणार काय? आणि आपण वाईट आहोत असं सावकाराला वाटत नसतं, हे ध्यानात ठेवून बोल." त्यातलं पहिलं वाक्य लगेच पटलं. दुसरं कळायला फार वर्षं लागली.

आपण लहानपणापासून तुळजापूरला जातो. आई तुळजाभवानीची मूर्ती महिषासुरमर्दिनीची आहे. त्या नावात आधी महिषासुर येतो. असुर जितका बलाढ्य, तितका देवीचा पराक्रम थोर. गोंधळातल्या कथेतही दैत्य माजल्याशिवाय देवीचं धावून येणं रंगत नाही.

पण प्रत्येक विरोधक असुर नसतो. डॉ. जब्बार पटेल यांचा 'सामना' आठवा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यात निळू फुले साखरसम्राट हिंदुराव झाले आहेत, तर डॉ. श्रीराम लागू दारूच्या आहारी गेलेले मास्तर. हिंदुराव या मास्तरांना आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, त्यांच्यावर जीवही लावतो. तरी मास्तर नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतात. हिंदुराव नुसताच दुष्ट असता, तर त्या प्रश्नाला एवढी धार आली नसती.

आज हे सांगायचं कारण आपल्या वर्गातलंच आहे. जुन्या गोष्टी निघाल्या की आपण एका मुलाला हमखास खलनायक करतो. डबे चोरणारा! मीही ती गोष्ट चवीनं सांगत आलो. गेल्या वर्षी तो मला बसस्टँडवर भेटला. चहा पिताना सहज म्हणाला, "त्या साली दुष्काळ होता. आमच्या घरी एकदाच चूल पेटायची, तीही रात्री." मला काही बोलताच आलं नाही. सरांचं दुसरं वाक्य मला तेव्हा कळलं.

या मेळाव्याचं निमंत्रण त्याला दिलं होतं. तो आलेला नाही. आज पंगतीत डब्यांची गोष्ट निघालीच, तर चुलीचीही सांगा. पुढच्या वेळी त्याला आणायला मी त्याच्या गावी जाणार आहे. माझ्याबरोबर कोण कोण येतंय?