सभागृहाबाहेरचं काम

(सौंदर्यप्रसाधन वैज्ञानिकांच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



वर्षभराच्या कामाचा अहवाल कार्यवाहांनी आत्ताच वाचला. व्याख्यानं झाली, पावसाळ्यातली कार्यशाळा झाली, विद्यार्थ्यांची भित्तिपत्रकं बाहेरच्या दालनात लागली आहेत. ते सगळं मी पुन्हा सांगत नाही. त्यातल्या एका कामाबद्दल आणि आपण अजून हाती न घेतलेल्या दुसऱ्या एका कामाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

आपल्या धंद्यात सूत्र कुलपात असतं. एका कंपनीचा फॉर्म्युलेटर दुसऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकू शकत नाही. तरीही अमेरिकेत १९४५ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये या क्षेत्रातल्या रसायनतज्ज्ञांनी आपापल्या संस्था काढल्या आणि १९५९ मध्ये ब्रसेल्सला अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. मला यात फार मोठा शहाणपणा दिसतो. सूत्र गुप्त ठेवता येतं. गिऱ्हाइकाच्या गालावर उठलेलं पुरळ मात्र साऱ्या धंद्याच्या अंगावर येतं. त्याबद्दल स्पर्धकांनी एकमेकांशी मोकळेपणानं बोलावं, अशी दुसरी जागा नाही.

आपण वेळेवर आणि मोठ्यानं बोललो नाही तर काय होतं, हे प्रिझर्व्हेटिव्हच्या बाबतीत जगानं पाहिलं आहे. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या फिलिपा डार्ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडल्याचं प्रसिद्ध केलं. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असं त्यातून सिद्धही होत नव्हतं. पण भीती पसरली आणि ‘पॅराबेनमुक्त’ हा शब्द डब्यांवर मोठ्या अक्षरांत आला. अनेकांनी पॅराबेन काढलं आणि त्याच्या जागी मेथिलआयसोथायाझोलिनोन घातलं. पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच्या ॲलर्जीच्या रुग्णांची रीघ लागली. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं, आणि त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत युरोपीय संघानं त्यावर बंदी घातली. त्याच अमेरिकी संस्थेनं २०१९ मध्ये पॅराबेनची निवड केली ती ‘वर्षाचा ॲलर्जी न करणारा पदार्थ’ म्हणून! जे तुलनेनं निरुपद्रवी होतं ते बाजारानं टाकलं आणि जे त्रास देणारं होतं ते उचललं. यात कितीतरी लोकांची कातडी सोलली गेली. फॉर्म्युलेटर मंडळींना हे प्रयोगशाळेत कळत होतं, पण सभागृहाबाहेर ते कुणी सांगितलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून यंदाची पावसाळ्यातली कार्यशाळा मला वर्षातलं सर्वांत मोलाचं काम वाटते. घरगुती उद्योग करणाऱ्या भगिनी त्या दिवशी आल्या होत्या: कोरफडीचं जेल, शिकेकाईचा शाम्पू, उटणं, लेप बनवणाऱ्या. सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलं, “आमच्या जेलमध्ये एकही केमिकल नाही, मग बुरशी का धरते?” हा प्रश्न आपल्या शास्त्राच्या अगदी मुळाशी जातो. कोरडं उटणं महिनोन्‌महिने टिकतं, कारण त्यात पाणी नाही. कोरफडीचा गर म्हणजे बहुतेक पाणीच, आणि जिथे पाणी आहे तिथे जंतूंना घर मिळतं. त्या ताईंनी नंतर सोडियम बेंझोएट घालूनही पाहिलं होतं, तरी बुरशी आलीच. कारण साधं होतं. बेंझोएटपासून होणारं बेंझोइक आम्ल काम करतं ते आम्लधर्मी मिश्रणात. पीएच ४.२ असेल तर त्याचा निम्मा भाग उपयोगी रूपात राहतो, पीएच ६.५ वर गेला की एक टक्काही उरत नाही. कार्यशाळेत आम्ही पीएचच्या पट्ट्या वाटल्या, सायट्रिक आम्लाचं द्रावण कसं थेंबाथेंबानं घालायचं ते दाखवलं आणि प्रत्येकीनं आपल्या जेलचा पीएच स्वतः खाली आणला. तेवढ्यानं काम भागतं असं नाही, आणि ते आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलं. माल टिकतो की नाही हे खरं ठरतं चॅलेंज टेस्टमध्ये. त्यात आपण पाच प्रकारचे सूक्ष्मजीव, म्हणजे तीन जिवाणू, एक यीस्ट आणि एक बुरशी, मुद्दाम मालात सोडतो आणि २८ दिवसांपर्यंत ते किती उरले हे ठरावीक दिवशी मोजत राहतो. ही टेस्ट गृहउद्योगाच्या आवाक्यात नाही. आपल्यातल्या अनेकांच्या प्रयोगशाळेत मात्र ती रोज चालते.

व्याख्यानांबद्दल थोडक्यात. प्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर आपल्या देशात २०१४ मध्ये बंदी आली. त्यामुळे मानवी त्वचेच्या पेशींपासून वाढवलेल्या थरांवर चाचणी कशी घ्यायची, हे दोन्ही व्याख्यानांत उत्तम मांडलं गेलं. एसपीएफवरचं विद्यार्थ्यांचं भित्तिपत्रक जरूर पाहा. डब्यावरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून काढलेला असतो आणि आपण घरी त्याहून फार कमी लावतो, हे त्या मुलांनी नेमकं दाखवलं आहे.

आता न केलेल्या कामाकडे येतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि त्याचं मूळ पार्लरमधून आणलेल्या गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यात निघालं, ही बातमी आपण सर्वांनी वाचली. केरळमधूनही डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमचं काम अडवतो, म्हणून चेहरा काही दिवसांत उजळतो. तोच पारा कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता कोणत्याही तयार प्रसाधनात नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. नियम कडक आहे. पण ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, ती डबी या नियमाच्या हाती लागतच नाही.

आपण सनदशीर माल बनवतो, तेव्हा हा प्रश्न पोलिसांचा आणि अन्न व औषध प्रशासनाचा, असं म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आपल्या सभासदांकडे क्ष-किरणांवर चालणारी हातात धरायची यंत्रं आहेत. ती डबी न फोडता पाऱ्याचा संशय काही मिनिटांत दाखवतात, आणि संशयित नमुना पुढे मोठ्या उपकरणावर तपासता येतो. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉलमुळे कपाळावर पांढरे डाग पडतात, हे आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्ण तपासता तपासता शोधून काढलं. त्यांच्याबरोबर बसून आपण काम केलं तर अशा गोष्टी रुग्णाच्या कपाळापर्यंत पोचण्याआधी सापडतील.

कार्यकारी मंडळानं पुढच्या वर्षासाठी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मुंबईबाहेर, पहिल्यांदा अकोला आणि कोल्हापूरला, पार्लर चालवणाऱ्या भगिनींसाठी दिवसभराचं शिबिर; त्यांनी आणलेल्या क्रीमची तिथेच विनामूल्य पारा तपासणी; आणि गृहउद्योगांच्या मालाची चॅलेंज टेस्ट सभासदांच्या प्रयोगशाळांत केवळ साहित्याच्या खर्चात. शिबिरांना त्वचारोगतज्ज्ञ आणि प्रशासनाचे अधिकारी दोघांनाही बोलावायचं आहे. यासाठी पैशांपेक्षा माणसं आणि मोकळे शनिवार लागतील. नोंदवही दाराशी ठेवली आहे. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी यंत्राचं नाव, ज्यांच्याकडे इन्क्युबेटरमध्ये जागा आहे त्यांनी ती किती, आणि ज्यांना शिबिराला यायचं आहे त्यांनी आपले दोन सोयीचे शनिवार त्यात लिहावेत. विद्यार्थ्यांनीही लिहावं, नमुने नोंदवण्याचं काम तुमच्याकडेच येणार आहे.